कमावत्या मुलाची आई

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी केडगावच्या पुढे एका वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका होते. अधिवेशनात अर्थसंकल्प मंजूर झाला आणि आमच्यासारख्या संस्थांच्या अनुदानाला कात्री लागली. पैसा दुष्काळी कामांकडे वळवायचा, हे कारण काही खोटं नव्हतं. पण कात्री चालवणाऱ्यांना म्हाताऱ्यांइतकं मऊ कापड दुसरं सापडलं नाही. नवा नियम निघाला: ज्याला कमावता मुलगा आहे, तो निराधार नाही, त्याचं अनुदान बंद.

तपासणीला एक साहेब आले. टँकरची वाट बघणाऱ्या आश्रमात त्यांनी हातपाय धुवायला दोनदा गरम पाणी मागितलं.

जामखेडकडच्या एका आजींचा मुलगा श्रीगोंद्याच्या बाजूला साखर कारखान्यात नोकरीला होता. आईला आणून सोडल्यावर तो पुन्हा फिरकला नव्हता. संस्थेचे चिटणीस आजींना बाजूला घेऊन म्हणाले, मुलगा वारला असं साहेबांना सांगा, म्हणजे तुमचं अनुदान चालू राहील.

आजी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "जित्या लेकराला मेला म्हनू व्हय? त्यापरीस मीच मेले असं लिवा."

साहेबांनी मुलाला बोलावणं धाडलं. तो आला कारखान्याच्या जीपमधून, टेरिलीनचा शर्ट घालून. आईला मी सांभाळीन, असं साहेबांसमोर खणखणीत बोलला. साहेबांचं तेवढ्यानंच समाधान झालं. आजींच्या नावावर तिथल्या तिथे काट मारून ते निघून गेले. आजींना कधी नेणार, असं मी मुलाला विचारलं. घर लहान आहे, बघतो, म्हणाला. आईच्या हातात साखरेची पुडी ठेवून तोही गेला. एवढा निर्लज्ज माणूस इतक्या नम्रपणे नमस्कार करताना मी तोवर पाहिला नव्हता.

ती साखर आजींनी सगळ्यांना चिमूट चिमूट वाटली. "माज्या लेकानं आनलीया," असं प्रत्येकाला सांगत होत्या.

आजी अर्थातच आश्रमातच राहिल्या, जाणार कुठे? सगळ्यांचीच आमटी आणखी पातळ झाली. त्यावर कुणी कुरकुर केली नाही. अर्थसंकल्पाला हात वर करणाऱ्यांपेक्षा ती माणसं पुष्कळ बरी होती.

पुढच्या वर्षी आमदारसाहेब वार्षिक समारंभाला आले. हार गळ्यात तसेच ठेवून त्यांनी भाषण केलं. जिल्ह्यातल्या निराधार वृद्धांची संख्या घटली, मुलं आता आईबापांना सांभाळू लागली, हे सरकारच्या धोरणाचं यश आहे, असं सांगितलं. चिटणिसांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. आजी पुढच्याच रांगेत होत्या.

कार्यक्रम संपल्यावर मी सतरंज्या गोळा करत होते. आजी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मला नीट आयकू आलं न्हाई. मोठ्या सायबांनी माज्या लेकाचं नाव घेतलं का?"

नाही, म्हटलं.

त्यांना वाईट वाटलं. सतरंजीचं दुसरं टोक धरून त्यांनी ती माझ्याबरोबर झटकली, आणि जेवायला गेल्या.