हिस्काचा गुरुवारचा वर्ग

हिस्का होएकेमा आमच्या डच विद्यापीठाच्या विधी विभागात शिकवायला आली, तेव्हा मी तिथं कारकून होते. साल चौऱ्याऐंशी. तिला युद्धगुन्ह्यांचा कायदा शिकवायचा होता. विभागप्रमुख फान ऱ्हेनन साहेब हसले. "अहो बाई, ते दुकान नाझींच्या खटल्यांबरोबर न्यूरेंबर्गलाच बंद झालं. करारांचा कायदा शिकवा, पोरांना नोकऱ्या तरी लागतील."

तिनं करार शिकवले, आणि दर गुरुवारी सकाळी आपला विषयही शिकवला. पहिल्या वर्षी तीन विद्यार्थी होते. चौथ्या वर्षी एकच उरला, हार्मन. साहेबांनी खोली काढून घेतली.

"एल्स, कँटीनमध्ये बसलो तर चालेल ना गं?" तिनं मला विचारलं. "तिथं ऊब तरी आहे."

वर्षभर ती दोघं वाटाण्याच्या सूपच्या वासात नरसंहाराच्या व्याख्येवर वाद घालत बसायची. परीक्षा झाल्यावर हार्मन म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? दुसऱ्या वर्गांत जागाच नव्हती." हिस्काला हसून हसून चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "असू दे रे. आलास ना!"

त्र्याण्णवमध्ये युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांसाठी हेगला न्यायाधिकरण उभं राहिलं. हा कायदा जाणणारी माणसं शोधून सापडेनात. आमच्या विभागातला फोन दिवसभर खणखणायचा. हिस्का दोन वर्षं फिर्यादी पक्षाच्या मदतीला गेली.

तिथं एकदा ती शेफिका नावाच्या बोस्नियन म्हातारीचा जबाब घेत होती. ट्रक किती होते, बंदूकवाले किती, वाजले किती. म्हातारीनं दुभाष्याला हातानं थांबवलं.

"पोरी, सकाळपासून आकडेच विचारतेयस. माझ्या नवऱ्याचं नाव काही विचारलं नाहीस."

हिस्कानं पेन खाली ठेवलं. "चुकलंच माझं, आजी. सांगा."

"नेझिर. मधमाश्या पाळायचा."

हेगला तिला मोठं पद देऊ करत होते, पण ती परत आली. मला म्हणाली, "त्या बाईनं मला शिकवलं ते कुणाला तरी सांगायला नको?" पुढं तिच्या वर्गात कुठलाही खटला मेलेल्यांच्या नावांपासून सुरू व्हायचा. बसायला जागा मिळावी म्हणून पोरं अर्धा तास आधी येऊ लागली.

पन्नासाव्या वर्षी ती प्राध्यापक झाली. काळा झगा घालून तिनं पहिलं जाहीर व्याख्यान दिलं आणि शेवटी रीतीप्रमाणे आभार मानले. शेफिकाबाईंचे मानले, हार्मनचे मानले, फान ऱ्हेनन साहेबांचेही मानले. करार शिकवता शिकवता कायदा सोप्या भाषेत सांगायची सवय लागली, म्हणाली. साहेब मान खाली घालून हसत होते.

तिचे वडील फ्रीसलंडचे गवळी. गायी शेजाऱ्यावर सोपवून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते.

"बाबा, कळलं का काही?" तिनं खाली उतरून विचारलं.

"शब्दही नाही," म्हातारा म्हणाला. "पण तीनशे माणसं तासभर चूप होती. आमच्या पाद्र्याला नाही जमत ते."

हिस्का त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा खरखरीत हात तिनं दोन्ही हातांत धरला. लोक अभिनंदनाला रांग लावून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "जरा थांबा."