वाचणाऱ्या उंदरांचं घराणं

पांढऱ्या उंदरांना दर तीन आठवड्यांनी पिल्लं होतात, आणि आमच्या गोदामात किस्सेही साधारण त्याच वेगाने होत. फरक एवढाच, की उंदरांची नोंद मी वहीत ठेवली आणि किस्से जालन्यातल्या लोकांनी परस्पर पाठ केले. त्यांनी सांगत बसण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे. निदान माझ्या तोंडून मी थोडा तरी शहाणा वाटेन, अशी आशा आहे.

आधी काम काय होतं ते सांगतो. पाच वर्षं विलायतेत राहून मी एक गोष्ट शिकून आलो होतो. एकाच पिंजऱ्यात, एकाच रोगाने काही उंदीर मरतात आणि काही वाचतात. आणि हे वाचणं बऱ्याच अंशी आईबापांकडून पोरांकडे येतं. आमच्या भागात प्लेग आला की गावंच्या गावं घरं सोडून रानात राहायला जात. मला वाटलं, या ज्ञानाची गरज इथे नाही तर कुठे? प्लेगाचे जंतू माझ्या हाती द्यायला कोणी धजेना, म्हणून उंदरांच्या पोटाच्या तापावर काम ठरलं. हैदराबादच्या बड्या डॉक्टरसाहेबांनी दोन वर्षांची मुदत दिली. तेवढ्यात उंदरांची दोन घराणी वेगळी करून दाखवायची: एक तापातून वाचणारं, एक मरणारं. दाखवली तर काम पुढे चालेल. नाही तर गोदामाला कुलूप, आणि मी कुठल्याशा शाळेत मास्तर.

*

निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, सामान उघडून दाखवावं लागे. माझ्या पेटीत बारा पांढरे उंदीर होते. जहाजात मी त्यांना माझ्या वाटचा पाव चारला होता.

नाक्यावरचे मुन्शीजी वाकून बघत राहिले. मी त्यांना अनुवंश म्हणजे काय, रोगाचा प्रतिकार म्हणजे काय, आणि या बारा जिवांमुळे आपल्या मुलखाचं कसं भलं होणार आहे, हे उभ्याउभ्या समजावलं. माझ्या मागे बैलगाड्यांची रांग लागली. मुन्शीजींनी शेवटपर्यंत अदबीने ऐकलं.

"सब बराबर है साहब," ते म्हणाले. "पर जालन्यातले चूहे खतम झाले का?"

*

जागा दिली जेठमलशेठनी. घराणं मूळचं मारवाडचं, तीन पिढ्या जालन्यात कापसाचा व्यापार, आणि धर्माने जैन. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. उंदरांना मुद्दाम ताप देणार, हेही सांगितलं. तेव्हा मला सत्याचा फार अभिमान होता.

शेठजींनी गादीवरची हिशेबाची वही मिटली.

"म्हणजे तुम्ही मारणार."

"मी नाही शेठजी. रोग मारील."

"आणि रोग कोण देणार?"

मी पिंजऱ्यांचा आराखडा पुढे सरकवला. तो न बघताच शेठजींनी विचारलं, "जे वाचतील त्यांचं काय?"

"त्यांना सांभाळायचं. त्यांची पिल्लं वाढवायची."

"मग असं करा. वाचणाऱ्यांसाठी गोदाम माझं. दाणापाणीही माझ्याकडून. मरणाऱ्यांसाठी तुम्ही दुसरीकडे बघा."

मी चरफडत गावाबाहेर माळावर एक खोप उभी केली. तापाचे उंदीर तिकडे, धडधाकट इकडे. टांग्यात पिंजरा घेऊन मी रोज हेलपाटे घालायचो आणि धर्मभोळेपणामुळे विज्ञान कसं अडतं, हे टांगेवाल्याला ऐकवायचो. वर्षभराने विलायतेतल्या गुरूंचं पत्र आलं. रोगी आणि निरोगी उंदीर वेगवेगळ्या जागी ठेवलेस ना, असं त्यांनी काळजीने विचारलं होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी शिकवलेला नियम होता तो. मी साफ विसरलो होतो.

*

उंदरांची निगा राखायला कोणी मिळेना. शेवटी धावडा गावच्या गयाबाई आल्या. पन्नाशीच्या, विधवा, लेकीकडे जालन्यात राहायला आलेल्या. पहिल्याच दिवशी मी बजावलं, की उंदरांना नावं द्यायची नाहीत, आकडे द्यायचे. नाव दिलं की माया लागते, आणि माया लागली की निरीक्षण बिघडतं.

"बरं दादा," त्या म्हणाल्या. आणि एका मादीला उचलून, "ही नकटी दोन दिसापासून खाऊन न्हाई राह्यली."

"ती सतरा नंबर आहे."

"व्हय. सतरा नंबरची नकटी."

महिन्याभराने विलायतेला पाठवायचा अहवाल मी तपासत होतो. माझ्याच वळणदार अक्षरात, इंग्रजीत लिहिलेलं होतं, की नकटीला सात पिल्लं झाली असून आडमुठीची प्रकृती सुधारत आहे.

*

एकदा तीर्थपुरीच्या बाजारात व्याख्यान दिलं. लोकांना जागं करायचं माझ्या फार मनात होतं. तासभर बोललो. घाम पुसायलाही थांबलो नाही. शंका विचारा म्हटल्यावर पुढच्या रांगेतले एक आबा पागोटं सावरत उठले.

"म्हंजी उंदराचा बाप मजबूत, तर लेकरू बी मजबूत?"

"अगदी बरोबर."

"आन माय बी बघाया पायजे?"

"तेच तर सांगतोय, आबा."

"बैलाचं बी तसंच असतंय की."

"बैलाचंही तसंच."

आबांनी मागे वळून लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग हे शिकाया तुम्ही जहाजात बसून गेल्ता?"

*

दुसऱ्या वर्षी जालन्यातच प्लेगाने उंदीर मरून पडू लागले. साधे, घरातले. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. प्लेगाचा एक जरी उंदीर गोदामात शिरला असता तरी माझं सगळं काम धुळीला मिळालं असतं. मी धावत जाऊन गाडी ठरवली आणि चौदा पिंजरे नीट रचले. वर गोणपाट टाकलं, वारं लागायला फटी ठेवल्या. स्वतःच्या कर्तबगारीवर खूश होऊन घरासमोर गाडी उभी केली.

आई बोचकं घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने गाडीत पाहिलं. बसायला वीतभरही जागा नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली. "मी चालत येते. त्यांचे पाय लहान हायेत."

*

आणि हा शेवटचा.

घराणं पक्कं करायचं तर सख्ख्या भावाशी सख्ख्या बहिणीची जोडी लावायची, पिढ्यान्‌पिढ्या. मग सगळं घराणं एकसारखं होतं. गोदामात वाचणारं घराणं वरच्या फळीवर, मरणारं खालच्या. जोड्या लावायचं काम गयाबाईंचं. मी वहीतून वाचून दाखवायचो, त्या "हं" म्हणायच्या, आणि मी "भाऊ-बहीण" असं लिहून खाली रेघ ओढायचो.

मुदत संपली. माळावरच्या खोपीत दोन्ही घराण्यांतले बारा-बारा उंदीर ठेवून त्यांना ताप दिला. वरच्या फळीवरचे बाराही वाचले. खालच्या फळीवरचे अकरा मेले. एक मादी मात्र मजेत दाणे फोडत होती. तीन दिवस मी वही उलटीसुलटी वाचली. चौथ्या दिवशी डॉक्टरसाहेब आले.

"घराना एक, खून एक, बीमारी एक," ते म्हणाले. "फिर ये क्यों बची? आपका उसूल सही है तो इसे मरना चाहिए था."

निसर्गात कधीकधी अचानक होणाऱ्या बदलांविषयी मी बोलू लागलो. खडू घेऊन दारावर आकृतीही काढली. डॉक्टरसाहेब ती बघत राहिले.

"मतलब, आपको मालूम नहीं." त्यांनी पेन उघडलं आणि लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य काम बंद करण्याचं होतं. मला उलटं वाचता येत होतं.

गयाबाई कोपऱ्यात दाण्याचं टोपलं घेऊन उभ्या होत्या.

"तिला कशाला मराया लावता सायेब," त्या म्हणाल्या. "ती ह्या घरची लेक न्हाई. सून हाय."

पेन थांबलं.

"कसली सून?" मी म्हणालो. "भावाबहिणीची जोडी लावायला सांगितलं होतं ना?"

"तुम्ही सांगून राह्यला होता, मी ऐकून राह्यले होते. पर सख्ख्या भावाला भैन कोण देतंय दादा? उंदीर झाला म्हून काय झालं? दर एकाला मामाची पोरगी पाहून दिली. हिच्या दादल्याला मामाची पोरगीच न्हवती, मंग वरच्या फळीवरची केली."

चिठ्ठ्या मी पिंजऱ्यांना लावल्या होत्या, उंदरांना नाही, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं.

"वरच्या फळीवरची," डॉक्टरसाहेब सावकाश म्हणाले. "बचनेवाले घर की."

"व्हय. आन दोन वर्सांतल्या सगळ्या सोयरिकी मला तोंडपाठ हायेत. बिलकुल चूक न्हाई. बसा, सांगते."

डॉक्टरसाहेबांनी लिहिलेला कागद फाडला. "दो साल और," ते म्हणाले. मी आभार मानायला पुढे झालो. त्यांनी माझ्या हातातली वही काढून घेतली, खोपीतलं एकुलतं एक स्टूल गयाबाईंकडे सरकवलं आणि त्यांच्या हातातलं टोपलं मला दिलं.

"आप ज़रा दाना डालिए. इन्हें बोलने दीजिए."