पाचरीमागचा दगड

"गाडीच्या सावलीवर बी तुमचं सरकार बसलंय का?" रुद्राणीने रिकामी घागर आपटली. "नागुबाईला उठवलंत, तुळजाबाईच्या बाळंतिणीला उठवलंत. आता माझा नंबर कुणी राखंल? पाण्याच्या रांगेत आज माझा दगड चौथा होता. वापस येऊन बघते तर नववा. कुणाला इचारावं तर सगळ्या आभाळाकडं बघून राहिल्या."

"चाकाच्या मागं बसतात त्या," पंचाक्षरी म्हणाला. त्याने चहाची बशी तोंडाला लावली होती, ती तशीच खाली ठेवली. "बरोबर चाकाच्या मागं. टेकून."

"मग? दगड हायेत की लावलेले. दोन दोन. चुना फासून ठेवलेत देवासारखे."

"दगडाचा काय भरोसा."

"मग भरोसा कशाचा हाय तुमचा? ब्रेकचा न्हाई, दगडाचा न्हाई, बायकोचा न्हाई. दुपारची झोप न्हाई तुम्हाला, घटकेघटकेला उठून चाकं चाचपता. सगळी गल्ली हसून राहिली."

"हसू दे. नाहीतर गाडी माळावर नेऊन लावतो."

रुद्राणीने आपटलेली घागर उचलून भिंतीशी ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "न्या. चौदा वर्षं घरात गडी माणूस न्हवतं, तसंच समजंन मी."

भिंतीला टेकून बसलेली गौरम्मा, पंचाक्षरीची आई, सुपातल्या ज्वारीतले खडे वेचत होती. तिने मान वर केली नाही. पण ऐकलं सगळं.

पंचाक्षरीची गाडी म्हणजे फिरता दवाखाना. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, साहेब लोकांना बसायला खुर्च्या पुरत नव्हत्या, तिथे गाडीला शेड कुठून असणार? औशाला राहणाऱ्या ड्रायव्हरने गाडी आपल्या दारातच लावावी, असं ठरलं. असं ठरावं म्हणून पंचाक्षरीने स्वतः तीनदा लातूरला खेटे घातले होते. चौदा वर्षं त्याने मालट्रक चालवला होता. मुलगी शिवकन्या जन्मली तेव्हा तो विजयवाड्याच्या रस्त्यावर होता, आणि बाप वारला तेव्हा तर कुठे होता हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ही नोकरी लागली तेव्हा रुद्राणीने एकच मागितलं होतं. संध्याकाळी ताटावर माणूस दिसावं.

गाडी म्हणजे घरच होतं चाकावरचं. आत एक बाज, एक टेबल, हात धुवायचं भांडं, स्टोव्ह, आणि कोपऱ्यात रॉकेलवर चालणारा फ्रिज. फ्रिजमध्ये पोरांच्या लसी. पाच-पाच दिवस डॉक्टर नि नर्सबाई घेऊन तो निलंग्याकडच्या खेड्यांतून हिंडायचा आणि परतला की गाडी दारात लावायचा. पण फ्रिजची एक खोड होती. गाडी वाकडी उभी राहिली की तो थंडच होत नसे. खाली ज्योत जळत राही आणि आत लस कोमट. म्हणून गाडी जिथे उभी राहील तिथे सपाट उभी राहिली पाहिजे, हा पहिला नियम.

आणि पंचाक्षरीचं घर उतारावर.

त्याने सुताराकडून बाभळीच्या लाकडाचे दोन उतरते ठोकळे करून घेतले. एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला वीतभर. घरात त्यांना पाचरी म्हणत. गाडीचं तोंड चढाकडे ठेवायचं, पाठ उताराकडे, आणि मागची चाकं हळूहळू पाचरींवर चढवायची. मग आत जाऊन औषधाची एक बाटली टेबलावर आडवी ठेवायची. गडगडली तर पुन्हा उतरायचं, पाचर बोटभर सरकवायची, पुन्हा चढवायचं. बाटली जागेवर थांबली की हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची. शेवटी प्रत्येक पाचरीमागे एक मोठा दगड. हा दगड सगळ्यात महत्त्वाचा. ब्रेक चाकाला धरतो, पाचरीला नाही. खालचा मुरूम वाळून राखेसारखा झाला होता. पाचरच सरकली तर ब्रेक काय करणार? दोन्ही दगडांना त्याने चुना फासला होता, गाडीच्या सावलीतही लांबून दिसावेत म्हणून.

आपण भितो हे त्याला मान्य होतं. का भितो, हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

हदगावच्या बाजारात, सव्वीस वर्षांचा असताना, त्याने कापसाच्या गठाणींनी भरलेला ट्रक उतारावर लावला होता. नुसता चहाच तर प्यायचा होता. एका चहाला दगड कशाला? कपाला तोंड लावलं आणि समोर बघितलं तर ट्रक चालत होता. आवाज नाही, काही नाही. म्हातारं माणूस काठी टेकत जातं तसा सावकाश चालत होता. किशनराव नावाचा हमाल भिंतीला पाठ लावून तंबाखू मळत होता. पंचाक्षरी ओरडला. किशनरावाने ओरडणाऱ्याकडे बघितलं, ट्रककडे नाही. माणूस जगला. पाय गेला. तेव्हापासून एक गोष्ट पंचाक्षरीच्या मनात पक्की बसली होती. ओरडलं की माणूस तुमच्याकडे बघतं.

त्या उन्हाळ्यात औशात पाणी उरलं नव्हतं. आड आटले, नळाला हवा आली. टँकर दुपारी कधीतरी यायचा आणि पंचाक्षरीच्या घराच्या खालच्या अंगाला, गल्ली जिथे रुंद होते तिथे थांबायचा. बाया पहाटेपासून रांग लावत. भांडं ठेवलं तर चोरीला जाई, म्हणून प्रत्येकीने एकेक दगड ठेवायचा. दगड म्हणजे नंबर. दगड ठेवून बाई घरी जाऊन भाकरी थापून येई. पण दगड सगळे सारखेच. हा माझा, तो तुझा, यावरून रोज झिंज्या धरायची वेळ येई. ऊन चढलं की सगळ्या गल्लीत एकच सावली उरे, फिरत्या दवाखान्याची. बाया तिथे येऊन बसत, गाडीच्या मागे, पाचरींमागच्या दगडांना पाठ टेकून.

पंचाक्षरी त्यांना रोज उठवी. त्या रोज हसत आणि तो आत गेला की पुन्हा बसत.

रुद्राणीने घागर आपटली त्या दिवशी भांडणानंतर तो लसींच्या नोंदी घेऊन आतल्या खोलीत बसला. रुद्राणी भाकरीला लागली. गौरम्माने सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि बाहेर आली.

म्हातारीचा विचार अगदी सरळ होता. सुनेचा दगड मागे ढकलतात, कारण तो ओळखू येत नाही. ओळखू येईल असा दगड ठेवला तर कुणाची काय बिशाद? आणि गल्लीत चुना फासलेले दगड दोनच होते. दोन्ही आपल्याच लेकाचे. एका वेळी एक पुरे होता गाडीला, गाडी काय कुठे पळून जात होती? तिने डाव्या पाचरीमागचा दगड दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरला आणि नेऊन रांगेत चौथ्या जागी ठेवला. सुनेचा जुना दगड लाथेने बाजूला केला.

"आता सरकवा बरं कुणी," ती रांगेकडे बघून म्हणाली.

कुणी सरकवला नाही.

एक वाजला. पंचाक्षरी जेवून हात धुवायला बाहेर आला. सवयीने त्याची नजर आधी उजव्या चाकाकडे गेली. दगड होता. मग डाव्या. चुना दिसला नाही.

नागुबाई दिसली. डाव्या पाचरीला पाठ टेकून, पाय पसरून बसलेली. तिच्या शेजारी तुळजाबाई, आणि तुळजाबाईच्या लेकीचं दीड महिन्याचं पोर चाकाच्या मागे गोधडीवर झोपलेलं. बाळंतीण पदराने माशा हाकत होती. अजून पाच-सहा जणी होत्या. पाचर जिथे होती तिथे नव्हती. मुरुमावर तिची घासलेली खूण दिसत होती, चांगली चार बोटं. तो बघत असताना ती पाच बोटं झाली.

त्याचा हात गळ्याशी गेला, इष्टलिंगाच्या डबीवर, करंडीवर. ओरडायचं नाही. ओरडलं की त्या वळून माझ्याकडे बघतील. आधीच रोजच्या उठवण्याला कावलेल्या, मुद्दाम जास्तच टेकून बसतील. गाडीत चढून ब्रेक दाबावा? त्याच्या वजनानेच पाचर निसटली तर? दगड आणायला पळावं? कोणता दगड, कुठून, आणि पाचरीमागे ठेवणार कुठे, नागुबाईच्या कमरेत?

लाकूड कुरकुरलं. बारीक, उंदराने दोरी कुरतडावी तसं.

"नागुबाई," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे असं त्याला वाटेना. इतका साधा निघाला. "टँकर आलाय. मारुतीच्या वळणावर हाय. आज लहानवाला हाय म्हणं."

"लहानवाला?" नागुबाई ताडकन उठली. "अगं उठा गं! लहान टँकर हाय!"

लहान टँकर म्हणजे निम्म्या बायांना पाणी नाही. एका दमात सगळ्या उठल्या. कुणाची चप्पल राहिली, कुणाचा हंडा. तुळजाबाईची लेक उठली, दोन पावलं गेली, मग तिला पोर आठवलं. ती वळली. ती वाकली. तिने पोराच्या मानेखाली हात घातला, अगदी सावकाश, झोप मोडू नये म्हणून. गोधडीही घ्यायला लागली.

"राहू दे गोधडी," पंचाक्षरी म्हणाला. "मी आणतो. तू जा, नंबर जाईल."

ती गेली.

खाली रांगेशी कालवा सुरू झाला. वळणावर काहीच नव्हतं, धूळसुद्धा नव्हती. नागुबाई कमरेवर हात ठेवून वर वळली. "पंचाक्षरी, मेल्या, टँकर कुठाय रं? सावली मोकळी करायला खोटं बोललास व्हय? त्या लिंगाची तरी लाज..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. पाचर सुटली. दाणकन आवाज झाला, चाक खाली पडलं आणि सगळी गाडी एका अंगावर कलून मागे आली. दोन हात, तीन हात. आतल्या बाटल्या फुटल्याचा आवाज आला. उजव्या पाचरीमागचा दगड घसरत, मुरूम उकरत गेला आणि रुतून अडला, तशी गाडी तिरकी होऊन थांबली. डावं चाक गोधडीवर होतं. बरोबर मधोमध. जवळचा हंडा भाकरीसारखा चपटा झाला होता.

तुळजाबाईच्या लेकीने पोराला इतकं घट्ट धरलं की ते जागं होऊन रडायला लागलं. मग एकेक करत सगळ्या जणींनी पंचाक्षरीकडे बघितलं. तो आधीच खाली बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून.

चौकातल्या चार गड्यांनी येऊन चाकांना दगड लावले. तासाभराने टँकर खरंच आला, मोठा. रुद्राणीला चौथ्या नंबरने पाणी मिळालं. कुणी तिचा दगड हलवला नव्हता. हंडा डोक्यावर घेताना तिने खाली बघितलं आणि तेव्हा तिला चुना दिसला.

ती घरात आली. हंडा ठेवला. गौरम्माकडे बघितलं.

"अव्वा. तो दगड तुम्ही नेला?"

"मीच," गौरम्मा म्हणाली. "तुझा नंबर जाऊन राहिला म्हणलं. ओळखीचा दगड असंल तर... गाडीला एक पुरंल वाटलं मला, पंचा. मला काय ठाऊक."

पंचाक्षरी फुटलेल्या बाटल्यांची बादली घेऊन दारात उभा होता. आईवर रागवावं असं त्याला वाटलं नाही. दगड आईने नेला, पण गाडी उतारावर तिने लावली नव्हती. किल्लारीच्या रस्त्याला कोस-दीड कोसावर माळ आहे. तव्यासारखा सपाट. पहिल्याच दिवशी डॉक्टरसाहेबांनी तो दाखवला होता. इथं पाचरसुद्धा लागायची नाही, म्हणाले होते. गाडी सोडून घरी येता येणार नाही, फ्रिजची ज्योत बघायला रात्रंदिवस तिथेच राहावं लागेल, म्हणून त्यानेच नको म्हटलं होतं. माझं घर जवळ बरं, पाचरी करून घेतो, म्हणाला होता.

"आता चार चार दगड लावू," रुद्राणी घाईघाईने म्हणाली. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला कळत होतं. "साखळदंड आणा. कडुनिंबाला बांधू गाडी. मी स्वतः बसते राखण, एक बाई फिरकू देत न्हाई. ऐकून राहिलात ना?"

"सावली दिसली की येतील त्या," तो म्हणाला. "तू बी बसशील एखाद्या दिवशी."

"न्हाई बसणार."

"शिवकन्या बसंल."

रुद्राणीने पदर तोंडाला लावला. शिवकन्या पाटीवर काहीतरी गिरवत होती, तिने आपलं नाव ऐकून वर बघितलं. गौरम्मा म्हणाली, "पंचा, मी पाया पडते रं तुझ्या, आता कुणाचा दगड शिवणार न्हाई."

"तुझं काही न्हाई अव्वा."

त्याने बादली उंबऱ्याबाहेर ठेवली, हात झटकले, आणि तिघींपैकी कुणाकडेच न बघता म्हणाला, "उद्या सकाळी गाडी माळावर नेतो. मी बी तिथंच राहणार. ऐतवारी घटकाभर येऊन जाईन."