‘का सोडलं?’ हा रकाना

क्लबाच्या दाराशी काचेची चौकट लागणार, हे ऐकलं तेव्हा बाई ज्युडोच्या एका अंगरख्याची कॉलर शिवत होत्या. ती कॉलर घोंगडीसारखी जाड असते. सुई तिच्यातून न जाता बाईंच्या बोटात गेली.

चौकटीत क्लबातल्या तिन्ही शिक्षकांची माहिती लागणार होती. कोणाकडे शिकलात, किती वर्षं शिकलात, का सोडलं, आणि याला साक्षीदार कोण. दुसऱ्या कुठल्याशा क्लबात एका तोतया मास्तरने एका मुलाचा खांदा निखळवला होता, तेव्हापासून पालकांनी चिटणिसांना सळो की पळो करून सोडलं होतं. चिटणीस म्हणजे निवृत्त कंपाउंडर. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी, हा त्यांचा आयुष्यभराचा धर्म. आता माणसांवरही चिठ्ठ्या लागणार होत्या.

बाकीच्या दोघांना काय, त्यांची तयारीच होती. कुस्ती शिकवणारे फौजी बराकीत शिकले होते. त्यांनी ‘का सोडलं’पुढे ‘वय झालं’ असं लिहिलं आणि मोकळे झाले. कराटे शिकवणारा तरुण, ज्याला सगळे स्प्रिंग म्हणत, त्याच्याकडे अकरा प्रमाणपत्रं होती, सगळी लॅमिनेट केलेली. त्यातली निम्मी आठवडाभराच्या शिबिरांची होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण सोनेरी कडा बघून पालक गार होत. राहिल्या बाई.

बाई दिवसा शिलाईकाम करत आणि संध्याकाळी पंधरा वर्षांपुढच्या मुलींना ज्युडो शिकवत. अकरा वर्षांपूर्वी त्या शिवलेल्या अंगरख्यांचं गाठोडं द्यायला क्लबात आल्या होत्या. जिन्यावरून पाय घसरला. पडता पडता त्यांनी अंग गोल केलं, दोन पायऱ्या लोळल्या आणि गाठोड्यासकट उभ्या राहिल्या. चिटणीस वर उभे होते. “हे कुठे शिकलात?” त्यांनी विचारलं. “असंच,” बाई म्हणाल्या. त्या ‘असंच’वर अकरा वर्षं निघाली. आता मात्र चिटणिसांनी छापील कागद हातात ठेवला आणि म्हणाले, “बाई, ‘असंच’ चालणार नाही हो. साक्षीदाराशिवाय वर्ग बंद ठेवावा लागेल.”

त्या रात्री बाई कागद पुढ्यात घेऊन बसल्या. वर्ग गेला तर काय, शिलाई होतीच, उपाशी मरायची पाळी नव्हती. पण संध्याकाळी सहा ते आठ या दोन तासांत त्या जशा होत्या तशा दिवसभरात कुठेच नव्हत्या. आणि खरं लिहिलं तर ते जाणारच, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

खरं असं होतं. बावीस वर्षांपूर्वी बाई आणि त्यांची धाकटी बहीण एका छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये शिकत होत्या. खाली मशीन चालू असलं की मॅट धपधपायची. म्हणून तिथला पहिला नियम असा, की हार मानायची तर समोरच्याच्या अंगावर हाताने दोनदा थोपटायचं, मॅटवर नाही. याला टॅप म्हणतात. टॅप झाला की पकड तत्क्षणी सोडायची, मग समोर सख्खा वैरी का असेना. एके दिवशी तिथले सर दोघींतून एकीला स्पर्धेसाठी निवडणार होते. बाईंनी मागून धाकटीच्या गळ्याभोवती हाताचा विळखा घातला. त्यांच्या गुडघ्याखाली दोन धक्के जाणवले. मशीन, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी धरून ठेवलं. मग धाकटीचं डोकं त्यांच्या हातावर जड झालं.

अर्ध्या मिनिटात ती शुद्धीवर आली. पण अर्धं मिनिट म्हणजे किती, हे बाईंना विचारा. “तिने मॅटवर टॅप केला, मला मशीन वाटलं,” असं त्या रडत सगळ्यांना सांगत राहिल्या. सरांनी त्यांना काढून टाकलं. धाकटीने त्या दिवसाचा विषय पुन्हा कधीच काढला नाही. बहिणी भेटत, सुखदुःखाचं बोलत, पण धाकटी कधी त्यांच्याकडे पाठ करून बसली नाही. निदान बाईंना तसं वाटे.

म्हणूनच बाई शिकवायच्या त्या उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा. मुली जोडीने पकडीत असल्या की बाई मॅटला कान लावून ओणव्या बसत. मुली आपसात हसत. त्यांना कोण सांगणार?

सर कधीच वारले होते, हॉलही पाडला होता. साक्षीदार म्हणून या जगात एकच माणूस उरलं होतं. तीन दिवस बाई फोन हातात घेत आणि खाली ठेवत. चौथ्या दिवशी लावला. “कागदावर सही हवी होती,” एवढंच म्हणाल्या. धाकटी म्हणाली, “सही कशाला, मीच येते.”

चिटणिसांच्या खोलीत तिघं बसली. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करायची, कुठलाही कागद लांब धरून वाचायची सवय. तिने कागद वाचला. पहिले दोन रकाने भरलेले, ‘का सोडलं’पुढे कोरं.

“हा का कोरा ठेवलास, ताई?”

“तू भर,” बाई म्हणाल्या.

धाकटीने पेन उचललं आणि खाली ठेवलं. चिटणिसांकडे बघत ती म्हणाली, “मी टॅप केलाच नव्हता.”

बाईंना आधी अर्थच लागला नाही.

“ते धक्के मशीनचेच होते. तुझं बरोबर होतं,” धाकटी म्हणाली. “टॅप केला असता तर तू स्पर्धेला गेली असतीस. मला हरायचं नव्हतं. शुद्धीवर आले तर तू आधीच सगळा दोष अंगावर घेऊन बसली होतीस. मी एकोणीस वर्षांची होते गं. गप्प बसले. तुझ्या जागी मीच गेले आणि पहिल्याच फेरीत हरले. मग कुठल्या तोंडाने सांगणार?”

बाईंना राग आला, इतका की उठून निघून जावंसं वाटलं. बावीस वर्षं! पण रागाच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. इतकी वर्षं त्या टॅप ऐकू यावा म्हणून मॅटला कान लावत होत्या. जी टॅप करणारच नाही, तिचं काय? अशा किती जणी आपल्या हाताखालून गेल्या असतील? कान मॅटवर आणि डोळे जमिनीवर.

चिटणिसांनी कागद पुढे ओढला. “मग प्रश्नच मिटला. ‘घरगुती कारणाने सोडलं’ असं टाकू या.”

“नको,” बाई म्हणाल्या. “लिहा, माझ्या हातात एका मुलीची शुद्ध हरपली.”

“अहो, यांचा हट्ट होता, यांनीच कबूल केलंय.”

“हट्ट तिचा होता. हात माझा होता. तिचा चेहरा बघायचं काम माझंच होतं.”

“पालक वाचतील, बाई.”

“वाचू दे.”

धाकटीने खाली सही केली. जाताना जिन्यात ती पुढे होती, बाई मागे. मागे वळून न बघता ती भराभर उतरून गेली.

चौकट लागली. पालक सोनेरी कडांशी थांबले, फौजींपाशी थांबले आणि बाईंच्या कागदापाशी कुजबुजले. पहिल्याच दिवशी चौदातल्या पाच मुली आल्या नाहीत. उरलेल्या नऊ आल्या, पण त्यांच्यातल्या एकीची आई चपला हातात घेऊन दारातच बसली. तिने नजर हलवली नाही. वर्ग राहतो की जातो, ते तिच्या तोंडावरून कळणार होतं. बाईंनी मुलींच्या जोड्या लावल्या. आज त्या ओणव्या बसल्या नाहीत, उभ्या राहून फिरत राहिल्या.

दारात बसलेल्या आईची मुलगी विळख्यात सापडली होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले. हात मोकळा होता, पण तो कुठेच थोपटत नव्हता. मॅटवर रोवलेली तिच्या पायाची बोटं एकेक करून सैल पडली.

“सोड,” बाई म्हणाल्या आणि दोघींच्या मध्ये हात घालून पकड उघडली.

मुलगी खोकत उठून बसली. तोंड लालबुंद. दारात तिची आई उभी राहिली होती.

“बाई, मी टॅप केला नव्हता,” मुलगी चिडून म्हणाली.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “मी तुझे पाय बघत होते.”