साहेबांसमोर खुर्ची

आता माझ्याच तोंडून ऐका, कारण इथं हैदराबादेत, आमच्या नल्लकुंट्यात, दुसरा कुणी सांगेल तो तिखटमीठ लावून सांगेल. गाढवपणा माझा, तो मीच सांगितलेला बरा. चहा घ्या, थंड होतोय.

माझे गुडघे गेलेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. जिना उतरताना भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसून करायचा योगा असतो, तो करा. आमच्या गल्लीच्या टोकाला एका हॉलमध्ये रोज सकाळी तसा वर्ग भरतो. वीसेक म्हातारी माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि समोर पद्मा मॅडम. घोटे फिरवा, बोटं उघडा-मिटा, श्वास घेत हात वर न्या. उठायचं काम नाही. आमची बायको, मालन, म्हणाली, "नुसतं बसायचंय ना? तेवढं तरी नीट करा."

नुसतं बसायचं! तेच तर जमलं नाही.

तिसऱ्या दिवशी एक बाई आपल्या वडिलांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आल्या आणि त्यांची खुर्ची बरोबर माझ्या मागे लावली. मी वळून पाहिलं आणि ताडकन उभा राहिलो. गुडघे दुखतात हेसुद्धा विसरलो.

आमचे साहेब!

आबिड्सच्या कचेरीत मी जन्मभर शिपाई होतो. त्यातली अकरा वर्षं या साहेबांच्या दाराबाहेर, स्टुलावर. साहेब दिसले की उभं राहायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, अंगातच मुरलं. माझ्या मुलीच्या लग्नात साहेब जेवायला बसले तेव्हाही मी उभा, आणि मुलीचा बाप मी!

पण हे आमचे साहेब राहिले नव्हते हो. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली. वाचा गेलेली. ज्या हाताच्या सहीसाठी लोक तासन् तास थांबायचे, तो हात मांडीवर ठेवलेला, कुणी विसरून गेल्यासारखा. डावा हात लेकीनं आपल्या हातात धरलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं, पण ओळख दिसली नाही.

मग मी बसणार कसा? पाठ तरी कशी करणार? मी आपला खुर्चीपुढे, अर्धा साहेबांकडे वळून उभा राहिलो. उभ्यानंच हात वर, हात खाली.

"अंकल, ये बैठके करने का योगा है. तुम खडे कायकू?" पद्मा मॅडम म्हणाल्या.

आता काय सांगू? हे माझे साहेब म्हणून सांगितलं असतं, तर सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं असतं. तशा अवस्थेत त्यांना कुणी निरखून पाहावं, हे मला नको होतं.

"बसता नहीं आता, मॅडम," मी म्हणालो.

झालं! शेजारच्या यादगिरीनं ते ऐकलं. हा रेल्वेतला निवृत्त माणूस, प्रत्येक रोगावर याच्याकडे औषध. वर्ग सुटल्यावर माझ्या कानाशी आला. "मूळव्याध है क्या, भाई? शरमाना नक्को. मेरे साले को भी थी."

मी नाही म्हणालो. पण हळू बोलणाऱ्याचं 'नाही' कोण ऐकतं? दुसऱ्या दिवशी त्यानं मधे भोक असलेली गादी आणली, सगळ्यांसमोर. तिसऱ्या दिवशी एका आजींनी ताकाचा डबा आणला. चौथ्या दिवशी मालन भाजी आणायला गेली, ती पिशवी न भरताच परत आली.

"अहो, मूळव्याध कधी झाली तुम्हाला? बाजारात मला तिसऱ्या बाईनं विचारलं!"

तिला मी सगळं सांगितलं. तिनं रिकामी पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "ते तुमचे साहेब होते. गुडघे मात्र अजून तुमचेच आहेत."

तरी मी उभाच राहिलो. कारण दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. मी हात वर नेला आणि साहेबांच्या उजव्या हाताची बोटं हलली.

मी पाहिलं, त्यांच्या लेकीनंही पाहिलं. नंदाताई त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी मनगट उचललं गेलं. चार दिवसांनी हात मांडीवरून वीतभर वर आला, थरथरला आणि बाजूला पडला. मी लगेच वाकून नमस्कार केला. मला वाटलं, साहेबांनी ओळख दिली! नंदाताई रडू लागल्या.

"काका, घरी आम्ही किती प्रयत्न केले. डॉक्टर म्हणाले होते, हा हात आता हलवलाच नाही तर कायमचा जाईल. तुम्हाला बघितलं की बाबा हलवतात. कोण तुम्ही?"

मी हळूच सांगितलं. त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मीच मागे सरलो.

आता खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला. मालनला म्हणालो, "माझ्या दर्शनानं साहेब बरे होतायत." रात्री ती माझ्या सुजलेल्या गुडघ्यांना जरा जास्तच जोरात तेल चोळायची.

महिना झाला. एका सकाळी साहेबांचा हात छातीपर्यंत आला आणि ओठ हलू लागले. पद्मा मॅडम थांबल्या. यादगिरीसुद्धा मान लांब करून पाहू लागला. नंदाताई खाली बसल्या. "बाबा, बोला. काय म्हणायचंय?"

मी त्यांच्या तोंडाशी कान नेला. माझे डोळे भरून आले होते. वाटलं, माझं नाव घेणार.

"स... सर..." साहेब म्हणाले. घसा खाकरला. "सरक. मॅडम... दिसत नाहीत."

महिनाभर, हो! महिनाभर तो माणूस मला बाजूला हो म्हणून हात करत होता आणि मी त्याला नमस्कार घालत होतो!

नंदाताई हसत होत्या की रडत होत्या, कळेना. सहा महिन्यांनी बाप बोलला होता. मी खुर्ची बाजूला ओढली आणि जन्मात पहिल्यांदा साहेबांसमोर बसलो. काही झालं नाही. छत पडलं नाही. यादगिरी म्हणाला, "देखो, गादी काम कर गई!"

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण मी बसलो आणि साहेबांचा हात थांबला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. समोरचं सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं, मग हात हलवणार कशाला?

पाचव्या दिवशी नंदाताई संकोचत माझ्याजवळ आल्या. "काका, गुडघे फार दुखतात का? नाही, म्हणजे... रोज पाच मिनिटं... जरा आडवे याल का?"

तर आता असं आहे. सगळा वर्ग मी बसून करतो. शेवटी पद्मा मॅडम म्हणतात, "अंकल, उठो." मी खुर्चीची पाठ धरून उठतो आणि साहेबांच्या अगदी समोर जाऊन उभा राहतो. साहेब चिडतात, हात उचलतात. परवा तो खांद्यापर्यंत आला.

नोकरीतल्या अकरा वर्षांत साहेबांनी मला एकदाही हाकललं नव्हतं. आता रोज सकाळी दहा वेळा हाकलतात, आणि मीच त्यांना मोजून सांगतो, "साहेब, अजून दोनदा राहिलं."