घाबरट सरांचं रविवारचं कॉलेज

ठाण्यात कोपरीला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक सर एकटेच राहायचे. गेटसमोर कुत्रा आडवा पडलेला असला की ते त्याला विचारायचे, "जरा बाजूला होता का?" कुत्र्याला अहो-जाहो! कुलूप लावलं की ओढून बघायचे, गेटपर्यंत जायचे, परत येऊन पुन्हा ओढायचे. पोरांनी त्यांचं नाव घाबरट सर पाडलेलं. त्यांच्या कानावर ते होतं. "खोटं काय आहे त्यात?" म्हणायचे.

मला असली माणसं आवडत नाहीत. मी चौथीपर्यंत शिकलेला. पण कंपनीत जन्मभर मशीन चालवलं, साहेबापुढे मान खाली घातली नाही. रस्तासुद्धा कधी कोणाला विचारला नाही. चुकलो तर चुकलो. मी सरांच्या दारात कशाला जातोय? पण नात आठवीत गेली आणि जावं लागलं.

पूर्वा मराठी शाळेतली. आठवीपासून तिचं गणित आणि विज्ञान इंग्रजीत झालं, कारण पुढे कॉलेजात सायन्सला सगळं इंग्रजीतच असतं म्हणे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नाही. ही जाणार, हे तिच्या आईने ठरवून टाकलेलं. आणि इकडे पोरगी विज्ञानाच्या तासाला मुकी व्हायला लागली. सकाळ झाली की पोटात दुखायचं, घास गिळवेना. एक दिवस म्हणाली, "आबा, मला कॉलेजच नको." मी ओरडलो, "त्यात घाबरायचं काय?" ती आणखीच आकसली. सूनबाई आतून म्हणाली, "आबा, ओरडून झालं असेल तर तिला खाली सरांकडे नेता का?"

सरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना आनंदच झाला. "घाबरतेस? छान! आत्ताच घाबरून घे. आठवीत त्याला वेळ असतो, अकरावीत नसतो." मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. कोकणातल्या शाळेतून पहिले येऊन ठाण्यात मामाकडे आलेले. कॉलेजात पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी त्यांना उठवून इंग्रजीत काहीतरी विचारलं. "काय विचारलं, ते मला आजपर्यंत माहीत नाही," सर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते तलावपाळीवर, तळ्याच्या काठी बसून डबा खायचे आणि संध्याकाळी कॉलेजातून आल्यासारखे घरी यायचे. ते वर्ष तसंच गेलं. पुढे नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात शिकले, हायस्कूलात मास्तर झाले, पण ती भीती काही गेली नाही. हे सगळं त्यांनी चौदा वर्षांच्या पोरीला हसत सांगितलं. मी असतो तर जीव गेला तरी सांगितलं नसतं.

दर रविवारी पार्किंगमध्ये त्यांचं कॉलेज भरायचं. आठवी-नववीची पाच-सहा पोरं, आणि बाकी आम्ही म्हातारेकोतारे. "कॉलेजात शंभर डोकी असतात," सर म्हणायचे. "मला गर्दी द्या. गर्दीशिवाय भीती कशी वाटेल?" म्हणून बायका भाजी निवडत बसायच्या, आम्ही खुर्च्या आणून बसायचो. सर फळ्यापुढे उभे राहून भराभरा इंग्रजीत विज्ञान सांगायचे. नियम एकच. प्रत्येक पोराने उभं राहून काय समजलं नाही ते सांगायचं. "समजलेलं कोणीही सांगतो," म्हणायचे, "न समजलेलं सांगायला छाती लागते."

पूर्वाची पाळी आली की ती उभी राहायची आणि नुसती उभीच राहायची. तीन रविवार असं झालं. चौथ्या रविवारी तिचे ओठ पांढरे पडले, हात ओढणीला पीळ घालायला लागले. एक बाई कुजबुजली, "पडेल गं ती." सर मात्र थांबलेलेच. मी उठलो. "बस झालं सर! नात आहे माझी, माकड नाही. चल गं घरी."

सरांचे पाय लटपटताना मी बघितले. तरी माणूस हलला नाही. बोट वर करून म्हणाले, "प्लीज सिट डाउन. यू आर डिस्टर्बिंग द क्लास."

मी भडकलो. "काय बोलताय ते मराठीत बोला! मला एक अक्षर समजलेलं नाही!"

सरांनी टाळी वाजवली. "शाब्बास! बघितलंत? असं विचारायचं!"

सगळं पार्किंग हसलं. भाजी निवडणाऱ्या बायका, पोरं, सगळी. मी लाजेने लालेलाल. आणि त्या हसण्यात पूर्वा तोंडावर हात धरून म्हणाली, "सर, मलापण नाही समजलं. मघाचं, ते प्रेशरचं." सर फळ्याकडे वळले आणि काहीच झालं नसल्यासारखं पुन्हा सांगायला लागले.

मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तेच चहाला बोलवायला आले. दारातूनच विचारलं, "रागावलेले आहात का अजून? असाल तर नंतर येतो." अशा माणसावर किती दिवस रागवायचं? पुढे दोन वर्षं रोज चहा झाला.

पूर्वा दहावीत असताना सर झोपेतच गेले. दाराला आतून सगळ्या कड्या लावलेल्या, दार फोडावं लागलं. तिचा निकाल त्यांना कळला नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी तिला सोडायला गेलो आणि सुटेपर्यंत समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाली, वर्गात विचारायला उठले तर नवे सर म्हणाले, आधी शांत बसून ऐक.

"मग?"

"मग काय, तास संपल्यावर त्यांच्या मागे गेले. जिन्यात गाठून विचारलं. पाय कापत होते, आबा."

थोडं चालल्यावर म्हणाली, "उद्या येऊ नका. तुम्ही रस्त्यात उभे असता, तुमच्या काळजीने माझं लक्ष लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. घरी बसलो. टीव्ही लावला, बंद केला. खिडकीत गेलो, परत आलो. एवढी भीती मला मशीनपुढे कधी वाटली नव्हती, आणि ती सांगावी असं घरात कोणी नव्हतं. सर असते तर खाली जाऊन त्यांच्याजवळ बसलो असतो. त्यांनी चहा टाकला असता आणि पोरगी येईपर्यंत आम्ही दोघं मिळून घाबरत बसलो असतो.