आमची नोंद कोणत्या गावाखाली?

माझ्या आयरिश वहिनीला तिचे पूर्वज सापडले आणि त्याचा ताप आमच्या घराला झाला. दादा आणि ती यंदा महिनाभर नाशिकला आले होते. एका सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि आपली सात पिढ्यांची वंशावळ दाखवली. सगळे बटाटे लावणारे शेतकरी. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जमीनदारांच्या कुळांच्या याद्या, असलं काय काय चाळून तिने ती जमवली होती. सात पिढ्यांत पुरुषांची नावं मिळून तीनच, तीच आलटूनपालटून, त्यामुळे कोण कोणाचा बाप हे तिलाही बोटांवर मोजत सांगावं लागत होतं. एका खापरपणजोबाला दुसऱ्याच्या शेतात गाढव सोडल्याबद्दल दंड झाला होता. ते ती अशा थाटात सांगत होती, जणू त्याचा गावाने सत्कार केला होता.

"बटाटं तर आम्हीबी लावतो," आजोबा म्हणाले. "त्यात काय सांगायचं?"

मग त्यांनी आपलं सुरू केलं. आम्ही मूळचे नाशिकचे, पहिल्यापासून याच मातीत मेथी, कोथिंबीर आणि गुलाब काढणारे, आमच्यासारखी घरं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली. हे भाषण आम्हाला पाठ होतं, पण त्या दिवसांत ते ऐकताना माझं डोकं फिरायचं. कारण मला लग्न करायचं होतं आणि मुलगा सटाण्याचा होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर. जात तीच, पत्रिका जुळलेली, आईला पसंत. आजोबांचं एकच पालुपद, तो बाहेरचा. बाबा आजोबांसमोर तोंड उघडतात ते फक्त जेवायला, त्यामुळे विषय तिथेच संपला होता.

समुद्रापलीकडची सून चालते आणि दोन तासांवरचा जावई चालत नाही, हे कसं, असं मी एकदा विचारलं होतं. "ती आपल्यात आली. तुला त्यांच्यात जायचंय," ते म्हणाले. वर, मोठ्यांना उलट बोलायचं नाही हेही ऐकून घेतलं.

वहिनीला मात्र आमची वंशावळ हवीच होती. रामकुंडावरच्या पुरोहितांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात, कोण कोणत्या गावाहून आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं, सोबत कोण होतं, हे सगळं त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं, असं दादाने तिला सांगून ठेवलं होतं. ती आजोबांच्या मागेच लागली. मला वाटलं ते झटकून टाकतील. पण ते हसत हसत तयार झाले, धोतर बदललं, टोपीही नवी घातली.

ते का हसत होते ते तिथे गेल्यावर कळलं. पहिल्याच गुरुजींनी विचारलं, "मूळ गाव कोणतं?"

"हेच," आजोबा म्हणाले.

गुरुजींनी समजावलं की वह्या तीर्थाला बाहेरून येणाऱ्यांच्या असतात, इथल्यांच्या नसतात. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कोर्टाने निकाल दिला. ते चपला घालायला वळलेसुद्धा. पण वहिनी आयर्लंडमध्ये असल्या नकारांवरच पोसलेली. तिने तोडक्यामोडक्या मराठीत आमचं आडनाव सांगितलं आणि या आडनावाचे लोक कोणाकडे, असं विचारलं. गुरुजी म्हणाले, भाजीवाल्यांपैकी असाल तर पलीकडच्या गल्लीत जा, बागलाणची वही त्यांच्याकडे आहे.

आजोबांचे गुडघे त्याच क्षणी दुखायला लागले. रिक्षा बोलाव म्हणाले. त्यांना पुढे ओढणं मला बरोबर वाटलं नाही, पण वहिनी पुढे गेली होती आणि मीही हट्टाला पेटले होते. मी त्यांचा हात धरून त्यांना चालवत नेलं, याची आता थोडी लाज वाटते.

दुसऱ्या गुरुजींनी लांबलचक लाल वही मांडीवर आडवी घेतली आणि पाचेक मिनिटांत पान काढलं. बागलाणातलं, सटाण्याजवळचं एक खेडं. त्याखाली आमचं आडनाव, मग माझ्या पणजोबांच्या वडिलांचं नाव, त्यांच्या अस्थी आणल्याची नोंद, आणि 'हल्ली मुक्काम नाशिक'. सोबत मुलगा आणि नातू. नातवाने स्वतः सही केली होती, शाळेतल्या पोरांसारखी, प्रत्येक अक्षर सुटं. नाव आजोबांचं होतं.

मी भांडायचं ठरवूनच आले होते. म्हणून म्हटलं, "आबा, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी त्या सहीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळेत मला पोरं बाहेरचा म्हणायची. बाकावर जागा द्यायची नाय. मग मी मोठा झालो अन्‌ मीच दुसऱ्यांना म्हणाय लागलो."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी वहिनीला भाषांतर करून सांगत बसले. तीही रडली. तिला रडायला काही लागत नाही.

गुरुजींना पुढची गिऱ्हाइकं होती. त्यांनी आजची नोंद करायला कोरी ओळ काढली आणि पेन आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी मूळ गाव लिहिलं, बाबांचं नाव लिहिलं, दादाचं, वहिनीचं लिहिलं. वहिनीचं नाव त्यांनी तिला विचारत तीनदा खोडून लिहिलं. मग गुरुजींनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ही नात ना, हिचं लग्न झालंय का? झालं असेल तर हिची नोंद सासरच्या गावाखाली जाईल.

आजोबांनी पेनाचं टोपण लावलं.

"अजून नाय झालं," ते म्हणाले. "पण सटाण्याचं पान काढून ठेवा. ह्याच वहीत असंल ते."